जबड्यातील अस्थिरोपणाचा इतिहास : द्रव्य आणि कार्य

१. विषयप्रवेश

दात पडला म्हणजे केवळ दातच जातो असे नाही. ज्या हाडात तो रुजलेला असतो ते हाडही त्याच्या मागोमाग जाऊ लागते. जबड्याच्या ज्या कंगोऱ्यात दातांची मुळे बसलेली असतात तो कंगोरा दातांबरोबर वाढतो, दात आपले काम करीत असेतो टिकतो आणि दात गेल्यावर हळूहळू विरू लागतो. आंत्ये टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्या व्यक्तींच्या जबड्यांच्या २५ वर्षांच्या मोजमापांवरून १९७२ मध्ये असे दाखवून दिले की, ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत अधिक असली तरी पुढेही ती चालूच राहते, आणि खालच्या जबड्याच्या पुढील भागात ती वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट असते. श्रॉप व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये एकेकटा दात काढलेल्या जागा तपासल्या. १२ महिन्यांत कंगोऱ्याची रुंदी जवळजवळ निम्मी होते आणि ह्या घटीपैकी सुमारे दोन-तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतच होते, असे त्यांना आढळून आले. मराठीत ज्याला ‘बोळके’ म्हणतात ते तोंड ह्याच क्रियेचे दृश्य रूप होय.

कवळीच्या काळात ही झीज गैरसोयीची होती. टायटॅनियमच्या कृत्रिम दंतमुळांच्या, म्हणजेच इम्प्लांटच्या, काळात ती निर्णायक ठरली. साधारणतः ४ मिलिमीटर व्यासाचे व १० मिलिमीटर लांबीचे कृत्रिम मूळ बसवावयाचे, तर त्याच्या दोन्ही अंगांना हाडाची भिंत राहावी म्हणून कंगोऱ्याची जाडी निदान ६ मिलिमीटर असावी लागते. उंचीच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. खालच्या जबड्याच्या मागील भागात ओठ व हनुवटी यांना संवेदना देणारा मज्जातंतू हाडातून जातो. वरच्या जबड्याच्या मागील भागात दातांच्या वरच हवेने भरलेली पोकळी असते. हाड विरले की ह्या दोहोंपर्यंतचे अंतर उरत नाही. अशा जबड्यात प्रथम हाड निर्माण करावयाचे व मग त्यात मूळ बसवावयाचे, ह्या क्रमाने जी शस्त्रक्रिया आज जगभर केली जाते, तिच्या इतिहासाचा येथे विचार करावयाचा आहे.

हा इतिहास बहुधा द्रव्यांची मालिका म्हणून सांगितला जातो : प्रथम प्राण्याचे हाड, मग माणसाच्या नडगीचे, बरगडीचे, कमरेचे, हनुवटीचे, पुढे मृत दात्याचे, आणि अखेरीस कारखान्यात सिद्ध केलेले चूर्ण. ही मालिका खोटी नाही. परंतु काही कलमे विरून का गेली आणि तशीच कलमे पुढे का टिकली, ह्याचा उलगडा तिने होत नाही. तो उलगडा व्हावयाचा असेल तर ‘कोणते हाड आणावे?’ ह्या प्रश्नाबरोबरच ‘ते हाड तेथे कोणते काम करणार?’ हा प्रश्न कधी व कसा पुढे आला, हे पाहणे अगत्याचे आहे.

२. ऐकीव कथा आणि प्रत्यक्ष प्रयोग

अस्थिरोपणाच्या बहुतेक इतिहासांचा आरंभ ॲम्स्टरडॅमचे शल्यविशारद जॉब व्हान मेकेरेन यांच्या १६६८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील एका कथेने होतो. तलवारीच्या घावाने कवटीचा तुकडा गमावलेल्या एका रशियन उमरावाला शल्यविशारदाने कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसविला व जखम भरून आली. परंतु ख्रिस्ती मनुष्याच्या मस्तकात कुत्र्याचे हाड ही गोष्ट चर्चला अमान्य होऊन त्याच्यावर बहिष्कार पडला. धर्मात परत येण्यासाठी त्याने तो तुकडा काढून टाकण्याची विनंती केली. पुढील लेखकांपैकी काही जण तो काढला गेला असे सांगतात. काही जण तो इतका एकजीव झाला होता की काढता आला नाही, असे सांगतात. मुळात ही हकीकत व्हान मेकेरेन यांनी पाहिलेली नव्हती. रशियातून आलेल्या पत्राच्या आधारे एका धर्मोपदेशकाने सांगितलेली ती ऐकीव गोष्ट होती. तेव्हा शस्त्रक्रियेचा पुरावा म्हणून तिचे मोल बेताचेच आहे. मात्र परके हाड शरीरात घेताना केवळ शरीराची संमती पुरत नाही, ही जाणीव तिच्यात स्पष्ट दिसते. ह्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

हाड कसे तयार होते ह्याचा प्रायोगिक अभ्यास अठराव्या शतकात सुरू झाला, आणि त्याचे निमित्त मोठे घरगुती होते. छापील कापड तयार करणाऱ्या एका कारखानदाराकडे जेवावयास गेलेले लंडनचे शल्यविशारद जॉन बेल्चिअर यांना ताटातील डुकराच्या मांसातील हाडे तांबडी दिसली. रंगकामात उरलेला, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या रंगाने माखलेला कोंडा त्या जनावरांना घातला जात असे. बेल्चिअर यांनी हे निरीक्षण १७३६ मध्ये प्रसिद्ध केले. फ्रान्समधील द्युआमेल द्यू माँसो यांनी तेच साधन हाती घेतले. ज्या काळात प्राण्याला मंजिष्ठ दिली त्या काळात तयार झालेले हाड तांबडे आणि मधल्या काळातले पांढरे, अशा थरांवरून त्यांनी हाडाची वाढ वाचली. हाडावरील पातळ आवरणाखाली त्यांनी चांदीची तार ठेवली, तेव्हा काही काळाने ती नव्या हाडाखाली गाडली गेलेली आढळली. हाड निर्माण करणारी शक्ती त्या आवरणात, म्हणजे पर्यस्थिकलेत आहे, असे त्यांनी १७३९ ते १७४३ ह्या काळातील आपल्या लेखांतून प्रतिपादन केले.

जबड्याच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचे निरीक्षण लंडनचे जॉन हंटर यांचे होय. दातांवरील आपल्या १७७१ च्या ग्रंथात त्यांनी असे नमूद केले की, दातांना धरून ठेवणारा हाडाचा भाग दातांबरोबर उत्पन्न होतो आणि दात गेले की झिजून नाहीसा होतो. म्हणजे तो जबड्यापेक्षा दातांचाच अधिक आहे. ह्या निरीक्षणाचा व्यावहारिक अर्थ लक्षात येण्यास जवळजवळ दोन शतके जावी लागली.

३. कलम जगते की मरते?

एकोणिसाव्या शतकात लिओंचे शल्यविशारद लेओपोल्ड ओलिए यांनी प्राण्यांवर विस्तृत प्रयोग करून १८६७ मध्ये हाडाच्या पुनर्निर्मितीवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पर्यस्थिकलेसह काढलेले हाड दुसरीकडे लावले तर ते जिवंत राहते व वाढते, असे त्यांचे मत होते. ग्लासगोचे विल्यम मॅक्यूएन यांनी ह्या मतास आव्हान दिले. अस्थिरोगाने दंडाच्या हाडाचा मोठा भाग गमावलेला एक लहान मुलगा त्यांच्याकडे आला होता. मुडदुसाने वाकलेले पाय सरळ करण्यासाठी इतर मुलांच्या नडग्यांतून जे पाचरीसारखे तुकडे काढावे लागत, त्यांचे बारीक कण करून मॅक्यूएन यांनी १८७९ व १८८० मध्ये टप्प्याटप्प्याने त्या मुलाच्या दंडात बसविले. १८८१ मध्ये त्यांनी हा वृत्तांत रॉयल सोसायटीपुढे ठेवला. मुलाचा हात उपयोगी झाला आणि पुढे अनेक वर्षे तसाच राहिला. पर्यस्थिकला ही हाडाची केवळ मर्यादा आखते, हाड निर्माण करतात त्या हाडातील पेशी, असा निष्कर्ष मॅक्यूएन यांनी काढला.

ओलिए आणि मॅक्यूएन यांचा वाद निर्मात्याविषयी होता; कलम जिवंत राहते हे दोघांनाही मान्य होते. ह्या समान गृहीतालाच जर्मनीतील आर्थर बार्थ यांनी १८९३ पासूनच्या संशोधनात धक्का दिला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना असे दिसले की, रक्तपुरवठ्यापासून तोडलेले कलम मरते. त्याच्या पोकळ्यांतून आजूबाजूच्या जिवंत हाडातील रक्तवाहिन्या व पेशी शिरतात, जुने हाड पोखरीत जातात आणि त्याच्या जागी नवे हाड घालीत जातात. गेऑर्ग आक्सहाउझेन यांनी पुढे दाखविले की आवरण व मज्जा यांतील काही पेशी जगू शकतात. म्हणजे दोन्ही पक्षांत काही तथ्य होते. अमेरिकेतील डॅलस फेमिस्टर यांनी १९१४ मध्ये ह्या सावकाश सरकणाऱ्या बदलाला इंग्रजीत जे नाव दिले, त्याचा आशय ‘सरपटती पुनर्स्थापना’ असा सांगता येईल. तेच नाव शास्त्रात रूढ झाले.

ह्या वादाचे महत्त्व केवळ तात्त्विक नव्हते. कलम जगते असे मानले तर शल्यविशारदाचे काम ते जपून बसविण्यापाशी संपते. ते मरून पुन्हा घडते असे मानले तर ज्या जागेत ते ठेवावयाचे त्या जागेचा रक्तपुरवठा, कलमाचा निश्चलपणा आणि नव्या हाडाला टिकविणारे कारण ह्या तिन्ही गोष्टींची जबाबदारी त्याच्यावर येते. तिसऱ्या गोष्टीचे सूत्र त्या वेळी उपलब्धही होते. बर्लिनचे युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये असे मांडले होते की, हाडाची बाह्य आकृती व अंतर्रचना त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे बदलते. कामाला लागलेले हाड दाट होते, काम सुटलेले हाड विरळ होते. परंतु ह्या नियमाचा विचार मुख्यतः मांडीच्या हाडासारख्या भार वाहणाऱ्या हाडांच्या संदर्भात झाला; जबड्यातील कलमाला तो लावून पाहण्याची वेळ यावयाची होती.

४. महायुद्धातील जबडे

पहिल्या महायुद्धात खंदकाबाहेर डोकावणाऱ्या सैनिकाचा चेहरा गोळ्यांच्या व तोफगोळ्यांच्या तुकड्यांच्या माऱ्यात सापडला. खालचा जबडा मधोमध उडालेला मनुष्य जगला तरी त्याला चावता येत नसे, नीट बोलता येत नसे, आणि उताणे निजले असता जीभ मागे पडून श्वास कोंडण्याचे भय असे. अशा जखमींसाठी ड्युसेलडॉर्फ येथे क्रिस्टिआन ब्रून व आउगुस्ट लिंडेमान यांनी, तर इंग्लंडमध्ये सिडकप येथे १९१७ मध्ये उघडलेल्या क्वीन्स हॉस्पिटलात हॅरल्ड गिलीज व त्यांचे सहकारी यांनी काम केले. सिडकपला ५,००० हून अधिक सैनिकांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तेथे गिल्बर्ट चब यांनी जबड्यातील अस्थिरोपणाचे काम केले, आणि विल्यम केल्सी फ्राय ह्या दंतवैद्यांनी उरलेले तुकडे दातांच्या आधारे जागेवर धरणारी साधने तयार केली.

ह्या अनुभवातून तीन नियम स्थिर झाले. तोंडातील जंतूंचा कलमाशी संबंध येऊ देऊ नये. म्हणून कलम बाहेरून, त्वचेखालून बसवावे. जखम पूर्ण भरून पू थांबल्यावाचून कलमाचा विचार करू नये. आणि जबड्याचे तुकडे हलता कामा नयेत. हे काम दंतवैद्यावाचून होत नाही. नडगी व बरगडी यांच्याबरोबर कमरेच्या हाडाच्या कडेचा उपयोग ह्या काळात वाढला, कारण तिचा बाक जबड्याच्या बाकाशी जुळतो आणि तिच्यात जाळीदार, मज्जायुक्त हाड विपुल असते. दुसऱ्या महायुद्धात रेन्सफर्ड मोलेम यांनी अखंड ठोकळ्याऐवजी ह्याच जाळीदार हाडाचे लहान तुकडे वापरले व १९४४ मध्ये ७५ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. उघड्या रचनेमुळे रक्तवाहिन्या त्यांत लवकर शिरतात आणि जंतुदोषालाही ते अधिक तोंड देतात, असे त्यांना आढळले. मॅक्यूएन यांच्या कणांचा गुण साठ वर्षांनी नव्या कारणासह पुढे आला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. युद्धातील ही कलमे जबड्याच्या दोन टोकांना जोडणारी होती. जबडा चालू लागला की स्नायूंची ओढ त्यांच्यावर पडे, आणि ती बहुधा टिकून राहत. विरलेल्या कंगोऱ्यावर हाडाची भर घालण्याचा प्रश्न ह्याहून निराळा होता; परंतु तो निराळा आहे हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले नाही.

५. कवळीखालचे हाड

युद्धोत्तर काळात कवळी न बसणाऱ्या रुग्णांच्या सपाट जबड्यावर हाड चढविण्याचे प्रयत्न सुरू झाले. रुग्णाच्या कमरेचे हाड किंवा बरगडी काढून, ती वाकवून, कंगोऱ्यावर बसवावयाची आणि भरून आल्यावर तिच्यावर कवळी ठेवावयाची, अशी ही योजना होती. टेरी, ऑलब्राइट व बेकर यांनी १९७४ मध्ये दात नसलेल्या वरच्या जबड्यावर बरगडी बसविण्याची पद्धत वर्णिली. शस्त्रक्रियेनंतरची छायाचित्रे समाधानकारक असत. परंतु काही वर्षांनी त्याच रुग्णांची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा चढविलेल्या उंचीचा मोठा भाग नाहीसा झालेला दिसला. छातीची किंवा कमरेची जखम सोसून मिळविलेले हाड कवळीखाली विरून गेले होते.

त्या काळात ह्या अपयशाची कारणे मुख्यतः द्रव्यात शोधली गेली : बरगडी चांगली की कमरेचे हाड, अखंड ठोकळा की कण, ताजे हाड की साठविलेले. परंतु हंटर यांचे निरीक्षण व वोल्फ यांचा नियम एकत्र ठेवले असता दुसरे कारण समोर येते. दाताच्या मुळामुळे हाडाच्या आत जो भार पोहोचत असे तो कवळीमुळे पोहोचत नाही. कवळी हाडाला बाहेरून, हिरडीवरून दाबते. जो मूळचा कंगोरा ह्या दाबाखाली झिजत होता त्याच्याच जागी त्याच दाबाखाली नवे हाड ठेवल्यास ते टिकण्याचे काही कारण नव्हते.

६. दोन शोध, एक वर्ष

१९६५ हे वर्ष ह्या इतिहासात दोन अंगांनी महत्त्वाचे आहे. लॉस एंजेलिसमध्ये मार्शल युरिस्ट यांनी हाडातील क्षार आम्लाने काढून टाकून उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. आणि जेथे हाडाचा काही संबंध नाही अशा त्या स्नायूत नवे हाड तयार झाले. मृत हाड हे केवळ चढण्याची शिडी नसून आजूबाजूच्या पेशींना हाड होण्याची प्रेरणा देणारे काही द्रव्य त्यात आहे, असा ह्याचा अर्थ होता. युरिस्ट व स्ट्रेट्स यांनी १९७१ मध्ये ह्या द्रव्याला ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’ हे नाव दिले. १९८८ मध्ये वोझ्नी व सहकाऱ्यांनी त्याची जनुके वेगळी केली, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांपैकी एका प्रथिनाला जबड्यातील विशिष्ट उपयोगांसाठी मान्यता दिली. बार्थ यांच्या ‘मेलेल्या कलमा’ला अशा रीतीने पुन्हा एक कार्य प्राप्त झाले.

त्याच वर्षी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी योस्टा लार्सन ह्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमची चार मुळे बसविली. ब्रोनमार्क हे मुळात दंतवैद्य नव्हते. १९५० नंतरच्या वर्षांत सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण जिवंतपणी पाहता यावे म्हणून त्यांनी टायटॅनियमच्या कुपीत भिंग बसवून ती हाडात घातली होती. प्रयोग संपल्यावर कुपी निघेना, कारण हाड तिला मध्ये कसलाही मऊ थर न ठेवता बिलगले होते. ह्या संबंधाला त्यांनी पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ म्हटले. लार्सन यांची कृत्रिम मुळे त्यांच्या २००६ मधील मृत्यूपर्यंत उपयोगात होती. १९७७ मध्ये दहा वर्षांच्या अनुभवाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर ही पद्धत इतर देशांत मान्य झाली.

अस्थिरोपणाच्या दृष्टीने ह्या शोधाचे महत्त्व असे की, हाडाच्या आत भार पोहोचविणारी वस्तू प्रथमच विश्वासाने हाती आली. ब्राइने व ब्रोनमार्क यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हा विचार शब्दशः आचरणात आणलेला दिसतो. त्यांनी काही रुग्णांच्या नडगीतच टायटॅनियमची मुळे प्रथम बसविली, हाड त्यांना बिलगू दिले, आणि मग मुळांसकट तो तुकडा काढून जबड्यावर रोवला. ही पद्धत अवघड असल्याने टिकली नाही. आडेल व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वर्णिलेल्या सुधारित पद्धतीत कमरेच्या हाडाचा नालाच्या आकाराचा तुकडा वरच्या जबड्यावर ठेवून कृत्रिम मुळांनीच तो जखडला जात असे. अपयशाचे प्रमाण साध्या जबड्यापेक्षा जास्त होते. काही मुळे निसटली. परंतु जी टिकली त्यांच्याभोवतीच्या कलमाची झीज पहिल्या वर्षानंतर बरीच मंदावली. कमरेचे तेच हाड, जबड्याची तीच जागा. कवळीखाली ते विरत होते, येथे ते राहिले. बदलले होते ते हाडाकडून घेतले जाणारे काम.

७. पोकळी आणि पडदा

वरच्या जबड्यातील पोकळीचे वर्णन नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ मध्ये केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९३ मध्ये जॉर्ज काल्डवेल यांनी व १८९७ मध्ये आंरी ल्युक यांनी, स्वतंत्रपणे, तोंडातून हाडाची खिडकी पाडून ह्या पोकळीतील पू काढण्याची शस्त्रक्रिया सांगितली. अमेरिकेतील अलाबामा राज्याचे हिल्ट टेटम यांनी १९७० नंतरच्या दशकात जवळजवळ त्याच वाटेने, परंतु उलट हेतूने प्रवेश केला. त्यांनी बाहेरील भिंतीत खिडकी पाडली, पोकळीचे अस्तर न फाडता ते तळापासून वर उचलले आणि खाली झालेल्या जागेत हाड भरले. टेटम यांनी ही पद्धत १९७६ मध्ये एका सभेत मांडली. फिलिप बॉइन व जेम्स यांनी १९८० मध्ये तिचा पहिला छापील वृत्तांत दिला. पोकळीतील अशा कलमांचा आढावा १९९६ मध्ये अमेरिकेत एका तज्ज्ञ-परिषदेने घेतला. ३८ शल्यविशारदांनी केलेल्या १,००७ कलमांची माहिती तिच्यापुढे होती. ३ वर्षे वा अधिक काळ काम केलेल्या कृत्रिम मुळांपैकी सुमारे ९० टक्के टिकली होती. मात्र कोणते द्रव्य श्रेष्ठ ह्याचा निर्णय परिषदेला देता आला नाही.

दुसरी वाट हिरडीच्या रोगांच्या अभ्यासातून निघाली. जखमेत प्रथम पोहोचणाऱ्या पेशी तेथे कोणते ऊतक तयार होणार हे ठरवितात, असे मेल्चर यांनी १९७६ मध्ये सुचविले. हिरडीच्या पेशी वेगाने धावतात, हाडाच्या सावकाश. म्हणून मध्ये पडदा घालून हिरडीला अडवावयाचे, ही कल्पना न्यूमन व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मानवी दातांवर वापरली. क्रिस्टर डालिन व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उंदरांच्या जबड्यात दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरची आरपार छिद्रे पाडली व एका बाजूचे छिद्र टेफ्लॉनच्या पडद्याने झाकले. सहा आठवड्यांत ते हाडाने जवळजवळ भरून आले. न झाकलेले उघडेच राहिले. ह्या प्रयोगात हाड मुळीच आणले नव्हते. जागा तेवढी राखली होती.

हाच धागा पुढे नेणारे काम स्वीडनमधील उमेओ येथील स्टेफान लुंडग्रेन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. पोकळीचे अस्तर उचलून त्यांनी खाली काहीही भरले नाही. कृत्रिम मुळांच्या टोकांनीच ते तंबूच्या खांबांप्रमाणे वर धरले गेले. खाली साचलेल्या रक्ताच्या गुठळीतून हाड तयार झाले. सर्व जबड्यांना ही रीत लागू पडते असे नाही. पुरेशी उंची मुळातच नसेल तर मूळ स्थिर राहत नाही. परंतु कलमाच्या इतिहासात कलमच अनावश्यक ठरावे, ह्या घटनेचा अर्थ दुर्लक्षिता येत नाही.

८. हाड कोणाचे?

तरीही द्रव्याचा प्रश्न संपत नाही, कारण द्रव्याला किंमत असते आणि ती कोणी तरी देतो. स्वतःचे हाड अद्यापि सर्वांत भरवशाचे मानले जाते. परंतु कमरेतून ते काढल्यास कित्येक दिवस चालताना वेदना होतात, आणि हनुवटीतून काढल्यास खालचे दात व हनुवटी यांना बधिरपणा येऊ शकतो. ही जखम टाळण्यासाठी मृत दात्याचे प्रक्रिया केलेले हाड, सेंद्रिय अंश काढून टाकलेले गाईबैलांचे हाड आणि कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम द्रव्ये प्रचारात आली. ह्यांतील शेवटची कल्पनाही नवी नाही. फ्रेड आल्बी यांनी १९२० मध्येच कॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिले होते.

मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतक-पेढी सुरू झाली. तेथे दात्यांचे हाड शुद्ध करून, शीत-शुष्क करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. युरिस्ट यांच्या तत्त्वावर क्षार काढलेले हाडही तेथे तयार होते, आणि भारतातील दंतशल्यविशारदांनी त्याचा उपयोग केलेला आहे. अवयवांसंबंधीचा १९९४ चा भारतीय कायदा २०११ च्या दुरुस्तीने ऊतकांनाही लागू झाला. त्यामुळे हाडाचे दान ही संमतीची व नोंदीची बाब झाली.

गाईबैलांच्या हाडाच्या बाबतीत संमती घेणाऱ्याकडूनही हवी. कुपीतील पांढऱ्या चुऱ्यावरून त्याचे मूळ ओळखता येत नाही. हिंदू, जैन वा मुसलमान रुग्णाला, किंवा मांसाहार वर्ज्य मानणाऱ्या कोणालाही, हे द्रव्य कोठून आले हे कळण्याचा हक्क आहे, आणि ते शस्त्रक्रियेपूर्वी कळले पाहिजे. काहींना त्यात गैर वाटणार नाही. काही जण दुसरे द्रव्य मागतील, आणि तसे द्रव्य उपलब्ध आहे. व्हान मेकेरेन यांच्या कथेतील उमरावाला आपल्या मस्तकात काय आहे हे ठाऊक होते आणि त्याची किंमत त्याने समाजात मोजली. आजच्या रुग्णाला ते ठाऊकच नसेल तर त्याच्यापुढे निवड ठेवली गेली असे म्हणता येणार नाही.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जबड्यातील अस्थिरोपणाच्या प्रगतीचे टप्पे द्रव्यांच्या यादीशी सर्वत्र जुळत नाहीत. बार्थ यांनी कलमाच्या मृत्यूचा, युरिस्ट यांनी मृत हाडातील प्रेरणेचा, डालिन यांनी राखलेल्या जागेचा आणि ब्रोनमार्क यांनी हाडाला आतून मिळणाऱ्या कामाचा प्रश्न पुढे आणला. बरगडीचे कलम कवळीखाली विरले, कमरेचे हाड टायटॅनियमभोवती टिकले, आणि पोकळीत काही न भरताही हाड तयार झाले. ह्या तिन्ही घटना एकत्र घेतल्यास शल्यविशारद हाड ‘घालतो’ ह्यापेक्षा हाड होण्यास व राहण्यास आवश्यक ती परिस्थिती निर्माण करतो, हे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

ह्या निष्कर्षाचा व्यवहारातील परिणाम संयमाचा आहे. कलम टाळता येईल अशा पद्धतीही आता सिद्ध झाल्या आहेत : आखूड मुळे, गालाच्या हाडात रोवलेली लांब मुळे, किंवा पाउलो मालो यांनी लिस्बन येथून २००३ मध्ये प्रसिद्ध केल्याप्रमाणे मागील दोन मुळे तिरपी बसवून एकंदर चार मुळांवर संपूर्ण दंतपंक्ती उभारणे. रुग्णाच्या शरीरावर दुसरी जखम करण्यापूर्वी ती आवश्यक आहे काय, हा प्रश्न म्हणूनच आज प्रथम विचारावा लागतो. जबड्याच्या हाडाला दाताचे काम हवे असते, हे हंटर यांनी १७७१ मध्ये पाहिले होते. पुढील अडीच शतकांच्या अनुभवाने त्या निरीक्षणाला दुजोराच दिला आहे.